पुठ्ठ्याची खिडकी

सत्यभामाबाई वझलवार दिसायला साध्या होत्या आणि स्वभावानं गोड तर मुळीच नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या शिक्षिकेबद्दल लिहायला बसलं की माणसं लगेच तिला देवी करून ठेवतात. बाई देवीबिवी नव्हत्या. त्या कुणाला मारत नसत, पण 'बरोबर' हा शब्द तोंडातून काढणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. त्यांच्याकडून तो शब्द मला दोनदाच मिळाला. त्याची परतफेड मी कशी केली तेच आज लिहायला बसले आहे.

साल १९२८. जबलपुरात दीक्षितपुऱ्यात मराठी मुलींची एक खाजगी शाळा होती. दोन खोल्या, एक ओसरी आणि चाळीसेक मुली. माझे वडील भय्यासाहेब त्या शाळेच्या कमिटीचे चिटणीस होते. पोटापाण्याला ते कोर्टात नाझर होते, म्हणजे कागद कसा लिहावा आणि कुठे कसा टिकावा हे त्यांना आमच्या गल्लीतल्या कुणापेक्षाही जास्त कळे. मी विनता, त्यांची एकुलती मुलगी. तेव्हा अकरा वर्षांची होते आणि शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी म्हणून नावाजलेली होते.

ही हुशारी काय होती तेही सांगते. आमच्याकडे वाचन शिकवायची पद्धत अशी, की गुरुजींनी एक ओळ म्हणायची आणि आम्ही चाळीसजणींनी ती मागून म्हणायची. पुस्तक मांडीवर उघडं, बोट ओळीखालून सरकतंय आणि तोंड चालू. दिवाळीपर्यंत आख्खं पुस्तक पाठ होऊन जाई. थंडीत डेप्युटीसाहेब तपासणीला येत. ते एखादं पान काढून समोर धरत. त्यावरच्या चित्रावरून धडा ओळखायचा आणि घडाघडा म्हणून मोकळं व्हायचं. साहेब खूश, कमिटी खूश, सरकारी ग्रँट चालू. ज्यांना पाठ होत नसे अशा चार-पाचजणी भिंतीला टेकून बसत. त्यांना सगळे 'भिंतीकडच्या' म्हणत. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी निरोप जाई, की उद्या मुलीला पाठवू नका.

जुने गुरुजी गेले आणि बाई आल्या. अमरावतीकडच्या, तिशीच्या विधवा. केस ठेवलेल्या होत्या, त्यामुळे आल्या दिवसापासून गल्लीत त्यांच्यावर डोळे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून तळहाताएवढा एक पुठ्ठा काढला. त्याच्या मध्ये एक चौकोनी भोक कापलेलं होतं. तो पानावर ठेवला की सगळं पान झाकलं जाई आणि भोकातून एकच शब्द दिसे. बाई त्याला खिडकी म्हणत. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्याच पुस्तकाच्या मधल्या कुठल्याशा पानावर खिडकी ठेवली आणि म्हणाल्या, "हा शब्द वाच."

मी म्हटलं, "बाई, चित्र दाखवा ना."

"चित्र काहून पाहिजे तुला? शब्द तर समोर आहे."

"चित्राशिवाय कोणता धडा ते कसं कळणार?"

बाईंनी खिडकी सरकवून दुसरा शब्द दाखवला, मग तिसरा. मी तिन्ही वेळा काहीतरी ठोकून दिलं. पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि त्यातला एकही शब्द मला वाचता येत नव्हता. बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पाटी उचलून भिंतीकडे नेऊन ठेवली.

तो दिवस मला अजून आठवतो. चिटणिसांची मुलगी भिंतीकडे! सगळी शाळा टकामका बघत होती. माझ्या शेजारी अंजनी बसायची. तिचा बाप वऱ्हाडातून येऊन कारखान्यात लागलेला होता आणि तिची अक्षरं तीन वर्षं झाली तरी जागेवर बसत नव्हती. ती सरकून मला जागा देत म्हणाली, "ये ना. इथं भिंत थंडगार राहते." मी तिच्याकडे पाठ केली.

मग बाईंचं शिकवणं सुरू झालं. दीक्षितपुऱ्याच्या तोंडाशी कापडाचं दुकान होतं, तिथे शालिग्राम नावाचे साठीच्या पुढचे हमाल होते. कापडाच्या ठाणात घातलेले पुठ्ठे दुकानदार फेकून देई. ते गोळा करून शालिग्रामकाका बाईंच्या खोलीवर आणून देत, उंबऱ्याबाहेर बसून तांब्याभर पाणी पीत आणि जात. बाई त्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापून एकेकावर बोरूनं एकेक शब्द लिहीत, आणि आम्हा प्रत्येकीला त्यांनी स्वतःची एक खिडकीही कापून दिली. आम्हा भिंतीकडच्यांना त्यांनी शाळा सुटल्यावर तासभर खोलीवर बोलावलं होतं.

त्या शब्द झाकून धरत. एक अक्षर उघडं करत. "आवाज काढ. आता पुढचं उघड. आता दोन्ही जोड. घाई कोणाला आहे?" जोडता जोडता आमचा जीव मेटाकुटीला येई. जमलं की तोच शब्द दुसऱ्या पुठ्ठ्यावर, मग पाटीवर, मग पुस्तकात शोधायचा. त्या म्हणत, ओळखीचं माणूस गर्दीत पाठमोरं दिसलं तरी आपण ओळखतो ना, तसा शब्द ओळखू आला पाहिजे. आणि सगळ्यांत शेवटी त्यांची ती प्रसिद्ध रीत. धडा शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचायचा, एकेक शब्द खिडकीत धरून. "सुरुवातीपासून वाचाल तर तोंड धावत सुटते आणि डोळे झोपा काढतात," त्या म्हणायच्या. "उलटं गेलं की तोंडाला काही ठाऊक नसते. मग डोळ्यांना काम करावंच लागते."

मला हे सगळं अपमानाचं वाटे. पण आषाढात एकदा घरी जाताना कोपऱ्यावरच्या पाटीकडे माझं सहज लक्ष गेलं आणि ती पाटी बोलली. दवाखाना. रोज चार वेळा मी त्या पाटीखालून जात होते आणि तिथे काही लिहिलेलं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी उलट पावली पळत जाऊन बाईंना सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर." इतका आनंद मला नंतर लग्नातसुद्धा झाला नाही.

आता माझी आत्या, राधाबाई. आई मी चार वर्षांची असताना गेली आणि आत्यानंच मला वाढवलं. ती बालविधवा, डोक्यावरून लाल आलवण, आमच्या घरी आश्रिताचं जिणं. पण चातुर्मासाचे चार महिने तिचे होते. रोज दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या माजघरात जमत आणि आत्या नाकावर चष्मा चढवून पोथी वाचे. एरवी जिला शुभकार्यात कुणी समोर येऊ देत नसे, तिच्या त्या चार महिन्यांत सवाष्णी पाया पडत. आत्याचा आवाज गोड होता, उच्चार स्वच्छ होते, आणि सुट्या पानांची ती पोथी ती अशी अलगद उलटत जाई की बघत राहावं.

त्या वर्षी चातुर्मासाच्या आधी पोथी उन्हात घातली होती. गोळा करताना दोन पानं इकडची तिकडे झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी आत्याच्या मांडीला टेकून बसले होते आणि नव्या विद्येची हौस म्हणून खिडकी हळूच पानावर ठेवली, शेवटच्या शब्दापासून. वाचला. त्याच्या आधीचा वाचला. आत्याचा आवाज वरून चालू होता. पानावरचा एकही शब्द तिच्या तोंडात नव्हता.

"आत्या," मी चाळीस बायकांसमोर म्हटलं, "तू जे म्हणून राहिली ते इथं नाहीये."

आत्या थांबली. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा एकदम उतरला. ते बघून मला एका क्षणात सगळं कळलं, कारण मीही तशीच होते. सासरी लहानपणी ऐकून ऐकून तिनं ती पोथी पाठ केली होती आणि पानं ती नुसत्या अंदाजानं उलटत होती. तिला अक्षर येत नव्हतं. तेवढ्यात समोरून कुणीतरी विचारलं, "पोरगी काय करून राहिली हो पोथीवर?" आत्याला वाट सापडली. तिनं खिडकी हिसकून घेतली आणि ओरडली, "उलटी वाचून राहिली! पोथी उलटी वाचून राहिली माझ्या मांडीवर! कोणी शिकवलं तुला हे?"

बस. पोथी उलटी वाचणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. करणी करणारे मंत्र उलटे म्हणतात असं त्या काळी पोरंटोरंही सांगत. बायका पदर सावरत उठल्या. एकीनं लेकराच्या डोळ्यांवर हात धरला. आत्याचं पान चुकलं होतं हे कुणाच्या डोक्यातही राहिलं नाही.

वडील कोर्टातून आले. त्यांनी मला समोर उभं केलं. "पोथीवर असं करायला बाईंनी सांगितलं होतं?"

बाईंनी पोथीचं नावही कधी काढलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

भीतीनं खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे, बाईंनी मला पहिल्या बसकरपट्टीवरून उचलून भिंतीशी बसवलं होतं ते मी विसरले नव्हते. तोंडातून 'हो' गेलं तेव्हा मला थोडं बरंसुद्धा वाटलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच होतं.

वडिलांनी आणखी विचारलं, "त्यांच्या खोलीवर कोण कोण येतं?"

"आम्ही चौघी. आणि शालिग्रामकाका. पुठ्ठे घेऊन येतात."

"अच्छा. कधी येतात?"

"संध्याकाळी."

"चलो, ठीक आहे," वडील म्हणाले आणि लिहायला बसले. बराच वेळ लिहीत होते. मग दोन कागद माझ्यापुढे सरकवले. "सही कर. दोन्हींवर." खाली मी माझं नाव लिहिलं. तेवढं एक मला कधीपासून येत होतं. वरती चांगलं पानभर लिहिलेलं होतं. मला वाटलं पोथीचंच असणार, दुसरं काय असेल? खिडकी ठेवून मला त्यातले पाच-सहा शब्द तरी नक्की लावता आले असते. पण खिडकी आत्यानं चुलीत घातली होती, आणि खरं म्हणजे मला लावायचेच नव्हते.

भाद्रपदात बाईंना काढलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर गाठलं. मला वाटलं आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "विनता, सही करायच्या आधी वाचलंस का?"

मी पाटी पोटाशी धरून बाजूनं निघायला लागले.

"हे सांग फक्त. वाचून केली की न वाचता?"

"न वाचता."

"बरोबर," बाई म्हणाल्या. तो दुसरा. शब्दांच्या पुठ्ठ्यांची पिशवी त्यांनी अंजनीच्या हातात दिली आणि निघून गेल्या.

कमिटीनं दुसरी बाई आणली. पुन्हा ओळी, पुन्हा चाळीसजणी. मी पहिल्या पट्टीवर परतले. पौषात डेप्युटीसाहेब आले. साहेबांनी मला पान दाखवलं, चित्रात विहीर होती, मी धडा म्हणून दाखवला. शाबासकी मिळाली. बक्षीस म्हणून जाडजूड पुस्तक मिळालं. त्याचं मुखपृष्ठ लाल होतं, याहून जास्त मी त्याच्याबद्दल सांगू शकत नव्हते. अंजनी निरोपाला न जुमानता शाळेत आली होती. साहेबांनी तिच्यापुढे पुस्तक धरलं. तिनं पोलक्यातून स्वतःची खिडकी काढली, पानावर ठेवली आणि एकेक शब्द वाचायला लागली. हळू, पण वाचत होती. त्या खोलीत त्या दिवशी खरोखर वाचणारी ती एकटीच होती. साहेबांनी खिडकी उचलून बाजूला टाकली. "ये क्या खिलौना है?" अंजनी अडखळली. नापास. बापानं आठवड्याभरात तिचं नाव शाळेतून काढलं.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर गावातच, नवरा रेल्वेत, सतत बाहेरगावी. त्यांची पत्रं येत आणि मला वाचता येत नसत. भाद्रपदापर्यंत जे थोडं आलं होतं ते मी पाठांतराखाली गाडून टाकलं होतं. सासरच्यांना सांगायची सोय नव्हती, चिटणिसांची बक्षीस मिळवलेली मुलगी ना मी! मग पत्र पदराखाली लपवून मी अंजनीकडे गेले. ती नवऱ्याबरोबर दोन गल्ल्या पलीकडेच राहत होती. तिनं पत्र हातात घेतलं, पाहिलं आणि मला परत दिलं.

"मी वाचून देणार नाही," ती म्हणाली. "शिकवते. बैस तिथं, भिंतीकडे."

तिनं बाईंची पिशवी काढली. पुठ्ठ्यांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, पण बोरूची अक्षरं ठसठशीत होती. तिनं दोन वर्षं मला शिकवलं, बाईंसारखंच, शेवटाकडून सुरुवातीकडे. मधूनमधून तिच्याकडे बाईंचं पोस्टकार्ड येई. बाई सिहोऱ्यात शाळेत काम मागायला गेल्या, मग दमोहला, मग खांडव्याला. सगळीकडे आधी हो म्हणत आणि मग जबलपुराहून काही कागद पोचला की नाही म्हणत. मी अंजनीला म्हटलं, "एका पोथीसाठी इतकं काहून गं? साहेब लोक तर अशा गोष्टींना हसतात." अंजनीलाही ते कळत नव्हतं. शेवटी बाई सिहोऱ्यात एका घरी स्वयंपाकाला राहिल्या. १९३६ च्या उन्हाळ्यात तिथेच तापानं गेल्या. मला त्यांची क्षमा मागायची होती. अजून थोडं नीट वाचता आलं की जाऊ, म्हणून मी थांबले होते.

१९४१ साली वडील गेले. तेराव्यानंतर मी त्यांची कागदांची पेटी उघडून बसले. शेजारी आत्या, पार थकलेली. पेटीत शाळेच्या कागदांचं रुमालात बांधलेलं एक गाठोडं होतं, त्यात घडी घातलेला कागद. खाली सही होती, लहान मुलीच्या अक्षरात. मी पुठ्ठ्याची खिडकी काढली. ती आता माझ्या पदराला बांधलेलीच असे. सवयीनं शेवटाकडून सुरुवात केली.

विनता. हा पहिला शब्द. मग आहे. मग खरे. मग सर्व. मग हे. मी वर सरकत गेले. पाहिले. डोळ्यांनी. माझ्या. मी. येताना. अवेळी. परपुरुष. नावाचा. शालिग्राम. खोलीवर. बाईंच्या. थांबता येईना. वर आणखी होतं. मुलींना बाहेर बसवून दार लावून घेतल्याचं होतं, केस राखलेल्या विधवेच्या चालीबद्दल होतं. पोथीचं नाव त्या आख्ख्या पानात कुठे नव्हतं. वडिलांना कायदा कळत होता. उलट्या पोथीला साहेब हसले असते, याला कुणी हसणार नव्हतं. आणि बहिणीला अक्षर येत नाही हे त्यांना ठाऊक असणारच; ते झाकायला त्यांना एवढाच कागद पुरला.

"काय आहे गं त्यात?" आत्यानं विचारलं. "माझा चष्मा कुठं आहे कोण जाणे. वाच जरा."

मी वाचलं. या वेळी सुरुवातीपासून, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "माय! पोथीचं नाही का काहीच?"

"नाही."

"बिचारी. असं घाणेरडं कोणी गं सांगितलं तिच्यावर?" आत्यानं हात पुढे करून कागद चाचपला. "खाली सही कोणाची आहे?"

"माझी," मी म्हटलं.